सोसायटीसाठी जमिनीतलं पाणी कसं शोधायचं: बोअरची गाडी बोलवायच्या आधी आणि नंतर

आमची सोसायटी पुण्याच्या पश्चिमेला, बावधन-सूसच्या पट्ट्यात, १२० फ्लॅट, दोन एकराचा प्लॉट. राहायला आलो तेव्हा सगळ्यांना वाटत होतं की नळाचं पाणी वर्षभरात पुरेसं येईल, तोपर्यंत टँकर आणि बोअरवर भागवू. मग पहिल्या चार वर्षांत आम्ही तीन बोअर मारले. पहिला ४२० फूट गेला आणि नुसती धूळ आली, दुसऱ्याला पाणी लागलं पण फेब्रुवारीत बंद पडला, आणि तिसरा, जो सगळ्यात उथळ आहे, फक्त १६० फूट, तो आजही चालतो. त्या तिसऱ्याच्या वेळी आम्ही पहिल्यांदा नीट अभ्यास केला होता. आता आजूबाजूच्या सोसायट्यांचे कमिटीवाले विचारतात की पॉइंट, म्हणजे बोअरची जागा, कुणाकडून काढला, म्हणून सगळं क्रमानं लिहून काढतोय. हे पुण्याच्या काळ्या दगडाच्या हिशोबानं आहे. महाराष्ट्राचा साधारण ८० टक्के भाग याच दगडावर बसलाय म्हणून नाशिक, संभाजीनगर, सोलापूरवाल्यांनाही बरंचसं लागू पडेल, पण कोकणातला जांभा किंवा विदर्भात पूर्णेच्या खोऱ्यातला गाळ वेगळा, तिथं हे जसंच्या तसं वापरू नका.

पहिलं काम: कागद-पेन घेऊन हिशोब

बोअर कुठं मारायचा हा प्रश्न खूप नंतरचा आहे. आधी पाणी किती लागतं आणि आपल्या जमिनीखाली दरवर्षी किती मुरतं ते काढा.

माणशी दिवसाला १३५ लिटर हे आपल्याकडचं सरकारी माप. आमच्याकडे १२० फ्लॅट, घरटी ४ माणसं धरली तर ४८० माणसं, म्हणजे दिवसाला ६४,८०० लिटर, दहा हजारी टँकरच्या भाषेत साडेसहा टँकर. या १३५ पैकी ४५ लिटर फ्लशला जातात. म्हणजे एसटीपीचं (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटचं) पाणी फ्लशला नीट फिरवलं तर २१,६०० लिटर तिथंच वाचतात आणि गरज ४३,००० वर येते. आमच्याकडे एसटीपी होता पण फ्लशची लाइन वर्षभर बंद पडून होती, ती चालू केली तो आमचा सगळ्यात स्वस्त "बोअर" म्हणायला हरकत नाही.

आता मुरणाऱ्या पाण्याचं बघा. प्लॉट ८,००० चौरस मीटर, पाऊस वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर. आपल्या दगडात पावसातलं साधारण ७ ते १२ टक्के पाणी खोल मुरतं, मधला आकडा १० टक्के धरला तर ५ लाख ६० हजार लिटर. मोठं वाटतं ना? त्याला ६४,८०० नं भागा. पावणेनऊ दिवस! अख्ख्या वर्षाच्या पावसानं आपल्या प्लॉटखाली जे पाणी साठतं ते आपल्याला नऊ दिवस सुद्धा पुरत नाही, आणि तेही जमीन उघडी असेल तर, आपल्याकडे तर निम्म्यावर पार्किंगचं काँक्रीट आहे. म्हणजे बोअरमधून वर्षभर जे पाणी आपण ओढतो ते शेजारच्या प्लॉटखालचं, वरच्या टेकडीखालचं, खालच्या गावातल्या विहिरीचं असतं. हा आकडा मी आमच्या सर्वसाधारण सभेत बोर्डवर लिहिला तेव्हा हॉल शांत झाला होता, आणि त्यानंतरच "अजून एक बोअर मारून टाकू" हे वाक्य थांबलं. तुमच्या सभेतही हा हिशोब आधी करा, कारण पुढची प्रत्येक पायरी यावर अवलंबून आहे.

दगड समजून घ्या

आपल्या पायाखाली लाव्हाचे थर एकावर एक बसलेत, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. प्रत्येक थराचा खालचा-मधला भाग घट्ट काळा पाषाण, आणि वरचा भाग बुडबुड्यांचा, सच्छिद्र, ज्याला पुस्तकात आणि गावाकडे मांजऱ्या म्हणतात. बुडबुड्यांच्या पोकळ्यांत पांढरी-हिरवी खनिजं भरलेली असतात. दोन थरांच्या मध्ये कुठं कुठं लाल गेरूसारखा मातीचा पट्टा असतो. सगळ्यात वर माती, मग मुरूम, मग कुजलेला दगड.

पाणी मुख्यतः या मुरमात, कुजलेल्या दगडात, मांजऱ्यात आणि काळ्या पाषाणाला भेगा असतील तर त्या भेगांत असतं. खाली नदी वाहते, तळं आहे, असं काही नसतं. हा दगड पिळला तर घनमीटरमागं जेमतेम २० लिटर पाणी सोडतो, म्हणजे एक मीटर लांब, रुंद आणि उंच ठोकळ्यातून एक-दोन बादल्याच. खोल गेलं की पाणी वाढतं हा समज आपल्याकडे फार पक्का आहे, पण इथं बहुतेक वेळा उलटं होतं, भेगा खोलीबरोबर कमी होत जातात आणि मिटत जातात. ४००-५०० फुटांवर कधीकधी दोन थरांच्या सांध्यात पाणी लागतं हे खरं, पण तिथं पाऊस पोचायला खूप काळ लागतो, म्हणून पहिली दोन-तीन वर्षं जोरात चालून असे बोअर एकदम बसतात. आमच्या ४२० फुटांच्या बोअरमध्ये १३० फुटांनंतर खालपर्यंत एकसारखा काळा पाषाण होता, २०० फुटांना थांबलो असतो तरी तेच कळलं असतं, पण गाडीवाला "अजून थोडं जाऊ साहेब" म्हणत राहिला आणि आम्हाला थांबायचं कधी हे माहीत नव्हतं.

शोध: पायानं आणि तोंडानं

ही पायरी सगळ्यात कामाची आणि जवळजवळ फुकट आहे, तरी लोक हीच गाळतात, म्हणून इथं जरा जास्त लिहितो.

जुन्या विहिरी शोधा. सोसायटी व्हायच्या आधी ही शेतं होती आणि शेतकऱ्यानं विहीर कुठंही खणली नव्हती, पिढ्यान् पिढ्या बघून खणली होती. जुना सातबारा काढा, त्यातल्या पिकांच्या नोंदीत पाण्याचं साधन लिहिलेलं असतं, विहीर असेल तर कळते. गूगल अर्थवर मागच्या वर्षांची चित्रं बघता येतात, आमच्या प्लॉटच्या २००० च्या दशकातल्या चित्रात एक गोल काळा ठिपका दिसला, तो विहिरीचाच होता आणि आता त्यावर क्लबहाउसचं पार्किंग आहे. आजूबाजूला अजून एखादी विहीर शाबूत असेल तर ती बुजू देऊ नका, मालकाशी बोला, गाळ काढायचा खर्च वाटून घ्या. चांगली साफ केलेली ४० फुटांची विहीर दोन बोअरपेक्षा भरवशाची असते कारण तिच्यात रात्रभर पाझर साठत राहतो आणि तुम्हाला ती डोळ्यांनी दिसते.

गावठाणातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. "पाणी कुठं आहे" असं नका विचारू, सगळे आपापल्या विहिरीकडे बोट दाखवतील. असं विचारा की काका, बहात्तरच्या दुष्काळात कुठली विहीर शेवटी आटली? होळीच्या सुमारास ओढ्यात पाणी कुठपर्यंत असायचं? मे महिन्यात गुरं कुठं पाजायचे? आम्हाला एका आजींनी ओढ्याच्या वळणावरची जागा सांगितली जिथं त्या उन्हाळ्यात झिरा उकरून पाणी भरायच्या, आणि आमचा चालू बोअर तिथून शंभर पावलांवर आहे.

बिल्डरच्या साइट इंजिनिअरला गाठा. बेसमेंट खणताना पाणी किती फुटांवर लागलं, कुठल्या बाजूनं आलं, उपसायला किती पंप किती महिने चालले, हे त्याला पाठ असतं. बेसमेंटच्या सम्पमध्ये जानेवारीतही पाझर येत असेल तर बोअरच्या आधी ते पाणी टाकीत घ्या. कितीतरी सोसायट्या ते पाणी पंपानं गटारात सोडतात आणि वर टँकर मागवतात, हे बघून जीव तुटतो.

मग ओढा बघा. जिथं उतार मंद होतो, जिथं मुरूम जाड आहे, जिथं उंबर, जांभूळ, अर्जुन अशी झाडं उन्हाळ्यात हिरवी आहेत, ती बाजू चांगली. टेकडीच्या उतारावर उघडा काळा पाषाण दिसतोय तिथं शक्यता कमी. जवळ रस्त्याची कटिंग किंवा खाण असेल तर एकदा जाऊन थर बघून या, कुठल्या उंचीला मांजऱ्या आहे आणि पाझर कुठल्या रेषेवर दिसतो ते सरळ दिसतं. पावसाळ्यानंतर लगेच गेलात तर ओल्या रेषा उमटलेल्या असतात.

आणि शेजारच्या सगळ्या बोअरची यादी करा: खोली, केसिंग (वरच्या सैल थरात बसवलेला पाइप) किती फूट, पाणी किती फुटांवर लागलं, कुठल्या महिन्यात बंद पडतो. दहा-बारा बोअरची माहिती एका साध्या नकाशावर मांडली की चित्र आपोआप दिसायला लागतं. ही मेहनत दोन रविवारांची आहे.

पाणाड्या, मशीन आणि भूवैज्ञानिक

पाणाड्याला, म्हणजे नारळ किंवा काठीनं पाणी शोधणाऱ्याला, बोलवायचं की नाही यावर प्रत्येक कमिटीत भांडण होतं. माझं मत सांगतो. आपल्या भागात मुरमाच्या पट्ट्यात कुठंही बोअर मारला तरी थोडी ओल लागतेच, त्यामुळे नारळ उभा राहिला किंवा उंबराची काठी फिरली आणि पाणी लागलं असं वाटणं साहजिक आहे. पण आपला प्रश्न पाणी आहे की नाही हा नाहीच, तासाला किती आणि मे महिन्यात किती हा आहे, आणि त्याचं उत्तर काठी देत नाही. ज्येष्ठांच्या समाधानासाठी पूजा करा, नारळ फोडा, पण पॉइंट त्यावर ठरवू नका.

इलेक्ट्रिकल सर्व्हे, ज्याला लोक नुसतं "मशीन लावणं" म्हणतात, त्यात जमिनीत लोखंडी खुंट्या ठोकून करंट सोडतात आणि खालचा दगड किती अडथळा करतो ते मोजतात. ओला कुजलेला दगड कमी अडथळा करतो, घट्ट काळा पाषाण जास्त. उपयोगी आहे, पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, २०० फुटांचं बघायचं तर खुंट्या त्याच्या कितीतरी पट लांब पसराव्या लागतात, म्हणजे सरळ मोकळी जागा लागते, आणि झालेल्या सोसायटीत केबल, पाइप, लोखंडी कंपाउंड यामुळे रीडिंग बिघडतं. म्हणून हा सर्व्हे बांधकामाच्या आधी झाला तर उत्तम, नाहीतर शेजारच्या मोकळ्या प्लॉटमध्ये परवानगी काढून करा. दोन, चिकणमाती पण कमी अडथळा दाखवते, त्यामुळे नुसत्या आकड्यावर न जाता वर केलेल्या विहिरींच्या यादीशी ताडून बघणारा माणूस हवा. दहा मिनिटांत मोबाइलसारखं यंत्र फिरवून फूट सांगणाऱ्याला पैसे देऊ नका.

भूवैज्ञानिक घ्या. राज्य सरकारची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा बहात्तरच्या दुष्काळाच्या काळापासून हेच काम करते, जिल्ह्याच्या कार्यालयात जवळच्या निरीक्षण विहिरींच्या पातळ्या विचारा. पुण्यात अॅक्वाडॅम ही संस्था आहे, डॉ. हिमांशु कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे शहराखालच्या जलधरांचा अभ्यास केलाय. जलधर म्हणजे पाणी धरणारा आणि सोडणारा थर. तुमची सोसायटी कुठल्या जलधरावर आहे आणि त्याला पाणी कुठल्या टेकडीवरून मिळतं हे एकदा समजलं की त्या टेकडीवर काय बांधलं जातंय याकडेही लक्ष जायला लागतं.

परवानगी

हे कंटाळवाणं आहे पण टाळू नका. महाराष्ट्राचा भूजल अधिनियम २००९ चा, लागू झाला २०१४ मध्ये, त्यात ६० मीटरपेक्षा जास्त खोल विहीर किंवा बोअर "खोल विहीर" मानतात, आणि बोअरच्या गाडीवाल्यांनाही नोंदणी लागते. शिवाय केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या सप्टेंबर २०२० च्या सूचनांप्रमाणे गृहसंकुलांना ना-हरकत घ्यावी लागते, आणि दिवसाला २० हजार लिटरच्या वर उपसा असणाऱ्या नव्या संकुलांना एसटीपी सक्तीचा आहे. स्थानिक परवानगी वेगळी. गाडी बोलवायच्या आधी सगळे कागद करून घ्या आणि गाडीवाल्याची नोंदणी बघा.

बोअर मारायचा दिवस

वेळ निवडा मे महिना. पावसाळ्यानंतर मारलात तर सगळीकडे पाणी दिसतं आणि फसगत होते. मेमध्ये जे लागेल ते खरं.

जागा सेप्टिक टँक आणि ड्रेनेजच्या चेंबरपासून निदान १५ मीटर लांब आणि चढाच्या बाजूला, जमेल तेवढं जास्तच ठेवा कारण भेगेतून घाण खूप लांब जाते.

गाडीवाल्याशी आधी लेखी ठरवा: दर फुटाला किती, किती फुटांनंतर दर वाढतो, केसिंगचं वेगळं किती, आणि थांबायचं कोण सांगणार. पहिल्या तीन ओळींवर सगळे घासाघीस करतात, चौथी कुणी लिहीत नाही आणि तीच महत्त्वाची. फुटाला पैसे मिळणाऱ्याच्या हातात थांबायचा निर्णय देऊ नका, भूवैज्ञानिक जागेवर उभा हवा.

कमिटीतला एक माणूस वही घेऊन बसवा, पूर्ण वेळ. दर १० फुटांना बाहेर येणारी भुकटी मूठभर घेऊन जमिनीवर ओळीनं मांडायची. तांबडी, करडी, काळी, पांढरे-हिरवे कण असलेली, सगळं लिहायचं. एक रॉड खाली जायला किती मिनिटं लागली ते लिहायचं, पटकन गेला तर मऊ किंवा भेगाळ थर. ओल कुठं आली, पाणी कुठं वाढलं, किती फुटांना. फोटो काढा. ही वही पुढच्या बोअरला, पंप कुठं सोडायचा त्याला, सगळ्याला लागते. आमच्या पहिल्या दोन बोअरची अशी नोंदच नाही आणि आज त्यांच्याबद्दल आम्हाला मोघम आठवणीपलीकडे काही सांगता येत नाही.

केसिंग मुरूम संपून पक्क्या दगडात नीट बसेपर्यंत न्या आणि बाहेरची फट वरून सिमेंटनं भरा, नाहीतर पहिल्या पावसात पार्किंगचं घाण पाणी सरळ आत.

पाणी लागलं की गाडीवाला "दोन इंची लागलं" म्हणतो. हे इंच म्हणजे व्ही आकाराच्या खाचेतून वाहणाऱ्या पाण्याची उंची, आणि ती दुप्पट झाली की पाणी दुप्पट होत नाही, साडेपाच पटींहून जास्त होतं. एक इंच म्हणजे तासाला साधारण ५०० लिटर, दोन इंच २,९०० च्या आसपास, तीन इंच जवळजवळ ८,०००. म्हणून "दीड की दोन" हा फरक किरकोळ नाही. आधी विचारा खाच लावून मोजलं का नजरेनं सांगतोय, आणि शंका आली तर पाणी वळवून २०० लिटरचं पिंप किती सेकंदात भरतं ते घड्याळ लावून बघा.

पंप टेस्ट, पंप आणि पाणी तपासणी

गाडीच्या कॉम्प्रेसरनं उडणारं पाणी हे बोअरचं रोजचं पाणी नसतं. भाड्याचा पंप लावून निदान ८ तास, जमलं तर २४ तास सलग चालवा. आधी स्थिर पातळी मोजा, मग पहिल्या तासात दर काही मिनिटांनी आणि नंतर दर अर्ध्या तासानं पातळी किती खाली गेली ते लिहा. शेजाऱ्यांना सांगून त्यांच्या बोअरचीही पातळी बघा, त्यांची उतरत असेल तर तुम्ही दोघं एकाच भांड्यातून पिताय. पंप बंद केल्यावरची नोंद सगळ्यात बोलकी: पाणी परत वर यायला किती वेळ लागतो. चार तासांत आलं तर बरं, दुसऱ्या दिवशीही आलं नाही तर तो बोअर रोज तेवढा उपसा सोसणार नाही.

तासाला १,५०० लिटर देणारा बोअर दिवसात ६ तास, मध्ये विश्रांती देत चालवला तर ९,००० लिटर, म्हणजे एक टँकरही पुरता नाही. चांगल्या बोअरकडून एवढीच अपेक्षा ठेवा आणि पंप त्या हिशोबानं लहान घ्या. मोठा पंप टाकला की बोअर वीस मिनिटांत रिकामा होतो, भेगांतून गाळ ओढला जातो आणि मोटर कोरडी चालून जळते. ड्राय रनचं संरक्षण लावाच.

पाणी प्रयोगशाळेत द्या. क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत उत्तम, दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. नायट्रेट ४५ च्या वर असेल तर बहुतेक वेळा जवळपास ड्रेनेज मुरतंय. ई-कोलाय शून्यच हवा. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोड, नांदेड, किरकटवाडीच्या बाजूला गुलेन बारे या मज्जातंतूंच्या आजाराचे पेशंट सापडले तेव्हा सगळ्यांना पाणी तपासणी आठवली, तेवढ्यापुरतं न करता वर्षातून दोनदा करा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, आणि रिपोर्ट लिफ्टशेजारी लावा.

परत भरायचं

छतांचं क्षेत्र आमच्याकडे २,५०० चौरस मीटर. ७०० मिलिमीटर पावसातलं ८० टक्के धरलं तर १४ लाख लिटर, म्हणजे प्लॉटमध्ये आपोआप मुरणाऱ्या पाण्याच्या अडीचपट. हे वाळू-खडीच्या फिल्टरमधून जुन्या विहिरीत किंवा रिचार्ज खड्ड्यात सोडा. पहिल्या एक-दोन पावसाचं पाणी बाहेर जाऊ द्या. पार्किंगचं किंवा लॉनचं पाणी थेट बोअरमध्ये कधीही सोडू नका, एकदा खालचा थर घाण झाला की तो आपल्या हयातीत साफ होत नाही आणि तेच पाणी खालच्या वस्तीत कुणीतरी हातपंपानं पितंय. आमचा ४२० फुटांचा कोरडा बोअर रिचार्जला वापरायचा विचार होता, भूवैज्ञानिकानं नको म्हणून सांगितलं, कारण पाणी न देणारा घट्ट दगड पाणी घेतही नाही. दुसरा बोअर, जो फेब्रुवारीत बंद पडायचा, तो घेतो. त्याला दोन बिल्डिंगच्या छतांचं पाणी जोडलं, आता तो मार्चअखेरपर्यंत चालतो.

वही

दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी, पंप सुरू व्हायच्या आधी, बोअरची पातळी मोजायची. पंप बसवतानाच शेजारी एक बारीक पीव्हीसी नळी खाली सोडून ठेवा म्हणजे टेप अडकत नाही. मे आणि ऑक्टोबरचे आकडे लाल पेननं. दोन मे महिन्यांची तुलना केली आणि पातळी खाली गेली असेल तर उपशाचे तास कमी करा, त्याच महिन्यात, पुढच्या सभेची वाट न बघता. आमच्याकडे हे काम सिक्युरिटीचे मामा करतात, त्यांना टेप कशी सोडायची ते शिकवलंय, आणि गेल्या वर्षीपासून शेजारच्या चार सोसायट्यांची पातळी पण त्याच दिवशी मोबाइलवरच्या एका ग्रुपवर येते.